लग्नसराईत दरवर्षी बसणारं फोटो एडिटिंगचं मशिन: दोष कुठे होता आणि नवीन घेताना काय पाहायचं

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे मेमरी कार्डं यायला सुरुवात होते. सोलापूर, बार्शी, मोहोळ, अक्कलकोट इथल्या पाच-सहा फोटोग्राफरांचं कलर करेक्शन आणि करिझ्मा अल्बमचं (जाड पानांचा छापील लग्नाचा अल्बम) डिझाइन मी करतो. खोली अशोक चौकाच्या बाजूला, मागच्या गल्लीत यंत्रमाग. सलग तीन लग्नसराया माझं एडिटिंगचं मशिन, म्हणजे संगणक, ऐन गर्दीत बसलं. हाच त्रास मला अनेक एडिटर मित्रांकडे दिसला आणि बहुतेकांनी त्यावर नवीन प्रोसेसर घेऊन पैसे घातले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं अशी. सकाळी नऊला मशिन सुरू केलं की छान चालायचं. दोन-तीन कार्डं उतरवून झाली, अकरा वाजले, की लाइटरूममध्ये (फोटो निवडायचा आणि रंग सुधारायचा प्रोग्रॅम) एका फोटोवरून दुसऱ्यावर जायला आठ-दहा सेकंद लागायचे. फोटोशॉपमध्ये अल्बमची शीट, म्हणजे एक पान, सेव्हला टाकली की मिनिटं जायची. माझा मावसभाऊ शेजारच्या टेबलावर बसतो, त्याचं वाक्य ठरलेलं, "दादा, परत हँग होयलंय बघा." मग मशिन रिस्टार्टला टाकून आम्ही चहाला जायचो. परत आलो की अर्धा-पाऊण तास बरं चालायचं, पुन्हा तेच.

पहिल्या वर्षी विंडोज नव्याने टाकलं. दुसऱ्या वर्षी रॅम ८ जीबीवरून १६ केली. दोन्ही वेळा उपाय लागू पडला असं वाटलं, कारण तोवर जून उजाडला होता आणि काम कमी झालं होतं. तिसऱ्या वर्षी दुकानात सांगितलं की प्रोसेसर जुना झाला, आता नवीनच घ्या. कोटेशन खिशात घेऊन घरी आलो आणि त्या रात्री पहिल्यांदा मशिन चालू असताना त्याच्याकडे नीट पाहिलं.

आधी मोजा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि ती खिडकी बाजूला ठेवून नेहमीचं काम करा. मशिन अडकेल त्या क्षणी चार गोष्टी बघायच्या: सीपीयू किती टक्के आणि किती गिगाहर्ट्झवर, रॅम किती भरली, ग्राफिक्स कार्ड किती वापरात आहे, आणि प्रत्येक डिस्क किती टक्के व्यस्त आहे.

माझ्याकडचं चित्र असं होतं. प्रोसेसर २५ टक्क्यांवर निवांत. रॅम १६ पैकी १२-१३ जीबी. आणि डी ड्राइव्ह, म्हणजे माझी हार्ड डिस्क, १०० टक्के, पण लिहिण्याचा वेग सेकंदाला ६-७ एमबी. त्याच्याच खाली सरासरी प्रतिसादाचा वेळ दिसतो; तो दोन हजार मिलिसेकंदांच्या वर होता. धड हार्ड डिस्कला एका कामाला दहा-वीस मिलिसेकंद लागतात. माझी डिस्क दोन-दोन सेकंद उत्तरच देत नव्हती आणि अख्खं मशिन तिच्या दारात उभं होतं. तिथे कितीही महागाचा प्रोसेसर बसवला असता तरी तोही तिथेच उभा राहिला असता.

डिस्क १०० टक्के दिसली की तीन शक्यता असतात. पहिली, डिस्क मरणपंथाला लागली आहे. दुसरी, केबल खराब आहे. या दोन्ही क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये पाच मिनिटांत कळतात. त्यातली ०५ आणि सी५ ही ओळ बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले. सी५ शून्यापेक्षा जास्त असेल तर बाकीचं वाचन थांबवा आणि आधी डेटा दुसरीकडे काढा. सी७ ची ओळ केबलची. तिचा आकडा एकदा वाढला की कमी होत नाही, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका. तो लिहून ठेवा, साटा केबल बदला आणि आठवड्याने पुन्हा बघा. तेवढाच राहिला तर दोष त्या केबलचाच होता.

माझे तिन्ही आकडे स्वच्छ होते. उरली तिसरी शक्यता, आणि तिच्याबद्दल मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

कौलांसारखी डिस्क

हार्ड डिस्क दोन जातींच्या असतात, सीएमआर आणि एसएमआर. सीएमआरमध्ये डेटाच्या पट्ट्या एकमेकींना न चिकटता शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये जास्त डेटा मावावा म्हणून प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर थोडी चढवलेली असते, जुन्या घराच्या छपरावर कौलं बसवतात तशी. वाचायला अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली पुढची कौलं उचलावी लागतात. ही डिस्कही तसंच करते: एक छोटीशी नोंद बदलायला त्या भागातला सगळा डेटा वाचून पुन्हा लिहिते.

हे उघडं पडू नये म्हणून डिस्कमध्ये एक राखीव भाग असतो. नवीन डेटा आधी तिथे पटापट उतरतो आणि डिस्क मोकळी असेल तेव्हा तो सावकाश कौलांखाली लावत बसते. तो राखीव भाग भरला आणि मोकळा वेळ मिळाला नाही की वेग कोसळतो.

तीन वर्षांची सगळी लक्षणं इथे जुळली. सकाळी बरं चालायचं, कारण काम सुरू व्हायच्या आधी डिस्कला आवराआवर करायला सवड मिळायची. दोन कार्डं उतरवली की राखीव भाग भरायचा. चहाला गेलो की बरं वाटायचं, ते रिस्टार्टमुळे नव्हे, तर आमचा हात काढल्यावर डिस्कला मिळालेल्या थोड्या वेळामुळे. आणि जूनमध्ये आजार जायचा, कारण आठवड्याला एखादंच लग्न उरायचं.

आता या डिस्कवर मी काय काय लादलं होतं ते बघा. सी ड्राइव्हचा एसएसडी २५६ जीबीचा, तो भरला तेव्हा फोटोशॉपने स्क्रॅच डिस्क (काम चालू असताना तात्पुरता डेटा ठेवायची जागा) भरल्याचा संदेश दिला. म्हणून मी स्क्रॅच डी ड्राइव्हवर हलवला. रॉ फाइली (कॅमेऱ्यातले मूळ, प्रक्रिया न केलेले फोटो) तिथेच, लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंच्या आणि त्यांवरच्या बदलांच्या नोंदींची फाइल) तिथेच, प्रीव्ह्यू तिथेच, एक्स्पोर्टही तिथेच. लाइटरूममध्ये एक स्लायडर हलवला तरी कॅटलॉगमध्ये नोंद होते. म्हणजे एसएमआर डिस्कला सगळ्यांत जे जमत नाही, ती बारीक बारीक लिखापढी दिवसभर तिच्याकडून करून घेत होतो.

तुमची डिस्क कुठल्या जातीची हे खोक्यावर बहुधा लिहिलेलं नसतं. मॉडेल नंबर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून बघा. २०२० मध्ये या विषयावर जगभर ओरड झाली आणि त्यानंतर डब्ल्यूडी, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही उत्पादकांनी कुठली मॉडेलं एसएमआर आहेत त्याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. घरी करायची चाचणीही सोपी आहे. एसएसडीवरून शंभर-सव्वाशे जीबीचं फोल्डर त्या डिस्कवर कॉपीला टाका आणि वेगाचा आलेख बघत बसा. निरोगी सीएमआर डिस्क शेवटपर्यंत सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास चालते, आतल्या कडेला थोडी मंदावते. एसएमआर काही वेळ पळून अचानक खड्ड्यात पडते.

एसएमआर डिस्क फेकून द्यायची गरज नाही. एकदा लिहून ठेवायचं आणि लागेल तेव्हा वाचायचं, अशा बॅकअपच्या कामाला ती चालते. माझी आजही कपाटात तेच काम करते.

काय बदललं

नवीन मशिन घेतलं नाही. आठव्या पिढीच्या आय-५ वरच आणखी काही काळ काम केलं. १ टीबीचा एक एनव्हीएमई एसएसडी (थेट मदरबोर्डाच्या खोबणीत बसणारा वेगवान एसएसडी) घेतला आणि चालू असलेली लग्नं, लाइटरूमचा कॅटलॉग, कॅमेरा रॉची कॅश आणि फोटोशॉपचा स्क्रॅच असं सगळं त्यावर आणलं. काम संपलेली लग्नं नवीन ४ टीबीच्या सीएमआर डिस्कवर. पहिल्याच दिवशी तीन कार्डं उतरवता उतरवता मी शीट सेव्ह करत होतो आणि मावसभाऊ काहीच बोलला नाही.

स्क्रॅचची जागा फोटोशॉपमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स इथे बदलते. तिथेच परफॉर्मन्समध्ये हिस्टरी स्टेट्स ५० असतात. अल्बमच्या कामाला २० पुरतात आणि स्क्रॅचवरचा भार उतरतो. लाइटरूमचा कॅटलॉग हलवताना प्रोग्रॅम बंद करून अख्खं फोल्डर हलवा, मग नव्या जागेवरची फाइल दोनदा क्लिक करून उघडा. रॉ फाइली विंडोजमधून हलवू नका, लाइटरूमच्या आतूनच ओढा, नाहीतर प्रत्येक फोटोवर प्रश्नचिन्ह येतं आणि पुन्हा वाट दाखवत बसावं लागतं.

एसएसडी काठोकाठ भरायचा नाही. स्वस्त एसएसडीही आतल्या एका वेगवान भागात आधी लिहितात, आणि डिस्क भरत आली की तो भाग आक्रसतो. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. विकत घेताना टीएलसी प्रकारचा मागा. क्यूएलसी स्वस्त पडतो पण मोठं कार्ड उतरवताना मध्येच त्याचा दम जातो.

एप्रिलमध्ये परत तेच

चार महिने सुखात गेले आणि एप्रिलमध्ये पुन्हा मशिन अडायला लागलं. या वेळी फक्त दुपारी एक ते चार. पुन्हा टास्क मॅनेजर उघडला. डिस्क निवांत होती. प्रोसेसर ९८ टक्के, पण जो चार गिगाहर्ट्झच्या जवळ चालायला हवा तो दोनच्याही खाली. म्हणजे तो तापून स्वतःचा वेग कमी करत होता.

आपल्या सोलापूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. बाहेर ४२-४३ अंश, खोलीत पंखा लावूनही ३६-३७. कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की आतलं तापमानही साधारण तेवढंच चढतं. पुण्याच्या एखाद्या मित्राने सांगितलेलं कॅबिनेट आणि कूलर इथे जसंच्या तसं लागू पडत नाही ते यामुळे.

पण आमच्या भागात उन्हापेक्षा मोठा शत्रू आहे तो तंतू. चादरी-टॉवेलच्या मागांवरून कापसाचं बारीक लव दिवसरात्र उडत असतं. कॅबिनेट उघडून वरवर पाहिलं तर आत स्वच्छ दिसतं. कूलरवरचा पंखा काढला तेव्हा खाली पत्र्यांच्या फटींवर अक्षरशः नमद्यासारखी गादी जमली होती, बोटाने सोलून निघाली. पंखा फिरत होता, हवा मात्र पलीकडे जात नव्हती.

मशिन गच्चीवर न्या आणि ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो भन्नाट फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असेल तर बदला. साफसफाईनंतर माझा प्रोसेसर पूर्ण भारावर वीसएक अंशांनी उतरला. आता जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत एकदा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा हे करतोच.

एनव्हीएमई एसएसडीही तापतो आणि तापला की वेग पाडतो. बऱ्याच बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली येतो. त्यावर बोर्डाचा हीटसिंक बसवा, आणि त्याच्या पॅडवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काढला का ते तपासा. दोन मित्रांच्या मशिनमध्ये तो कागद तसाच होता.

वीज आणि अर्थिंग

मशिन हँग न होता एकदम रिस्टार्ट होत असेल तर वाट वेगळी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ अशी नोंद दिसली तर इतकंच समजायचं की विंडोज रीतसर बंद न होता मशिन बंद पडलं किंवा रिस्टार्ट झालं. बहुतेकांकडे ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो साधारण ३६० वॉट देतो. ग्राफिक्स कार्ड असलेलं मशिन आणि मॉनिटर एक्स्पोर्टच्या वेळी तेवढं सहज ओढतात, मग दिवे लुकलुकले की यूपीएस ओरडून मान टाकतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्या, आणि बॅटरी दोन-अडीच वर्षांनी बदला. उन्हाळ्यात बॅटरी लवकर मरते.

अर्थिंगचं मात्र फार थोडे लोक बघतात. आपली जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, ओल जाते, आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा विरोध वाढतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येणं, बाहेरची डिस्क जोडताच सुटणं, ही त्याची खूण. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. माझ्याकडे तीसच्या पुढे निघाला. खड्डा नीट करून घेतला, आणि आता उन्हाळ्यात दर रविवारी त्यात दोन बादल्या पाणी ओततो. बाहेरची डिस्क सुटायची थांबली.

नवीन घ्यायचंच असेल तर

जुनं मशिन शेवटी बदललं. फोटोतला नॉइज काढणारी नवीन एआय साधनं जुन्या ग्राफिक्सवर चालेनात. या वेळी आधी स्वतःच्या कामाचा हिशोब मांडला आणि मग दुकानात गेलो.

एका लग्नाचे हळदीपासून वरातीपर्यंत साधारण ४००० रॉ फोटो धरा, एक फोटो ३० एमबीचा. झाले १२० जीबी. ४० शीटांच्या पीएसडी प्रत्येकी ५०० एमबीच्या, आणखी २० जीबी. म्हणजे लग्नाला १४०. हातात एका वेळी आठ-दहा लग्नं असतात, म्हणून कामाचा एसएसडी २ टीबीचा. सराईत २५ लग्नं धरली तर साडेतीन टीबी, म्हणून साठवणीची डिस्क किमान ८ टीबीची, दोन वर्षं पुरेल अशी. तुमचा फोटोग्राफर ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा वापरत असेल तर हे आकडे वाढवा.

रॅमचाही असाच हिशोब. १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला म्हणजे १०,८०० गुणिले ३,६०० पिक्सेल. पूर्ण शीटभर पसरलेला एक लेअर ८ बिटमध्ये सुमारे ११७ एमबी खातो, १६ बिटमध्ये दुप्पट. तीन शीट उघड्या, मागे लाइटरूम, ब्राउझरमध्ये ग्राहकाचे व्हॉट्सअ‍ॅप. १६ जीबी कमीच पडते. ३२ घ्या, आणि १६-१६ च्या दोन पट्ट्या घ्या. एकाच पट्टीवर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो.

प्रोसेसर सहा ते आठ कोअरचा, चालू किंवा मागच्या पिढीचा, पुरेसा आहे. ग्राफिक्स कार्ड ८ जीबी मेमरीचं घ्या, पण एआय नॉइज रोज लागत असेल तरच. नुसत्या अल्बम डिझाइनला त्यावर पैसे ओतू नका, ते पैसे एसएसडीत आणि चांगल्या आयपीएस मॉनिटरमध्ये घाला. कॅबिनेट समोरून जाळीचं आणि धुता येईल असा फिल्टर असलेलं. काचेच्या दर्शनी बाजूचं दिसायला सुंदर असतं, आपल्या हवेत ते भट्टी होतं.

मदरबोर्डाबद्दल एक फसगत सांगतो, कारण तिच्यामुळे माझ्याकडे दोन फोन आले आहेत. दुसऱ्या खोबणीत एनव्हीएमई लावला आणि जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. डिस्क मेलेली नसते. अनेक बोर्डांवर दुसरी एम-टू खोबण आणि काही साटा पोर्ट एकच रस्ता वापरतात, एक चालू झालं की दुसरं बंद. बोर्डाच्या पुस्तिकेत तसा तक्ता असतो. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टात लावा, ती परत येते.

हार्ड डिस्क घेताना डब्ल्यूडीची रेड प्लस, सीगेटची आयर्नवुल्फ किंवा तोशिबाची एन-३०० या मालिका सीएमआर आहेत, त्यातली मागा आणि बिलावर मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्या. काउंटरवरच जोडून पॉवर ऑन अवर्सचा, म्हणजे डिस्क किती तास चालली त्याचा, आकडा बघा. नवीन डिस्कचा तो शून्याजवळ असतो. हजारांत दिसला तर ती वापरलेली आहे, परत द्या.

कार्ड रीडर मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात लावा. यूएसबी २ च्या पोर्टातून सेकंदाला ३५-४० एमबीच येतात आणि ६४ जीबीच्या कार्डाला अर्धा तास जातो. पुढच्या पोर्टाची केबल आत जोडलीच नाही, असंही मी पाहिलं आहे.

दुसरी प्रत

हे सगळं वेगाचं झालं. रात्रीची झोप मात्र दुसऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे. मोहोळच्या एका लग्नानंतर चार महिन्यांनी नवरीचे आजोबा गेले. घरच्यांकडे त्यांचा दुसरा धड फोटो नव्हता. हळदीच्या वेळी बाजेवर बसून हसताना काढलेला एक होता, तो माझ्या डिस्कवर. तो मोठा करून दिला तेव्हापासून एकाच डिस्कवर कुणाचंही लग्न ठेवायचं नाही असं ठरवलं.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या जागी, हा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केला. माझी मांडणी अशी: पहिली प्रत मशिनमध्ये, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी तशाच दुसऱ्या डिस्कवर जुळे सोलापूरला बहिणीच्या घरी. दर रविवारी दोन डिस्कांची अदलाबदल. रेडला (RAID, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच म्हणून वापरायची पद्धत) याची जागा देऊ नका. दोन डिस्कांचं मिरर रेड एक डिस्क मेली तर वाचवतं, पण चुकून डिलीट केलेलं फोल्डर दोन्हीकडून एकाच क्षणी जातं. कार्डं दुसरी प्रत होईपर्यंत फॉरमॅट करत नाही, ती पाकिटात घालून वर फोटोग्राफरचं नाव आणि तारीख लिहितो.

आणि महिन्यातून एकदा बहिणीकडची डिस्क जोडून कुठलंही एक जुनं लग्न उघडतो, पाच-सहा रॉ फोटो पूर्ण मोठे करून बघतो. मागच्या महिन्यात त्यातलं एक फोल्डर अर्धवट कॉपी झालेलं सापडलं. मशिनमध्ये ते पूर्ण होतं, लगेच पुन्हा टाकलं.